कुर्लीच्या पोटाखालची खूण
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम बाजूला ठेवायची गरज नाही. भाजी निवडता निवडता, जाळं साफ करता करता ऐका. आज आम्ही तुमच्याशी कुर्लीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या सिंधुदुर्गात आम्ही तिला कुर्ली म्हणतो. रायगड-मुंबईकडच्या कोळणी चिंबोरी म्हणतात, आणि देशावरच्या मैत्रिणी सरळ खेकडा म्हणतात. नावं वेगळी असली तरी सगळीकडे एक गोष्ट सारखीच आहे. समुद्रात किंवा खाडीत जातात ते बहुतेक पुरुष. पण जाळ्यातून कुर्ली सोडवायची, लहान-मोठी वेगळी करायची, टोपलीत भरायची, बाजारात बसून विकायची आणि घरी रांधायची, हे काम बायकांचं. म्हणजे कुर्ली सगळ्यांत जास्त वेळ आपल्याच हातात असते. मग ती आपल्याला पुरती ओळखता यायला हवी. कुठली विकायची, कुठली खायची आणि कुठली पाण्यात परत सोडायची, हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. ते कसं वाचायचं, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी तिचं कूळ बघू. कुर्ली, कोळंबी, शेवंड, जवळा ही सगळी एकाच मोठ्या कुळातली भावंडं. आपल्याला हाडं आत असतात आणि मांस बाहेर. यांचं उलटं आहे. यांचा सांगाडा बाहेर, म्हणजे कवच, आणि मांस आत. कुर्लीला पायांच्या पाच जोड्या असतात. पहिली जोडी म्हणजे नांग्या, आमच्याकडे डेंगे म्हणतात. त्यामागच्या तीन जोड्या चालायच्या. शेवटची, पाचवी जोडी नीट बघा. ती टोकाला चपटी, वल्ह्यासारखी असेल तर ती पोहणारी कुर्ली. आपण बाजारात विकतो त्या जवळजवळ सगळ्या कुर्ल्या या वल्हेवाल्या कुळातल्या. किनाऱ्यावरच्या वाळूत बिळं करून राहणारे, चाहूल लागताच धूम ठोकणारे पांढुरके खेकडे, किंवा कांदळवनातल्या चिखलात एकच मोठी नांगी हलवत बसणारे छोटे रंगीत खेकडे, यांना असं वल्हं नसतं.

आता आपल्या टोपलीत येणाऱ्या मुख्य कुर्ल्या एकेक करून ओळखू.

पहिली, तीन ठिपक्यांची. पाठीच्या मागच्या भागावर तीन मोठे लालसर ठिपके आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं. ही ओळखायला सगळ्यांत सोपी. समुद्राच्या वाळूच्या तळावर राहते आणि जाळ्यात भरपूर येते.

दुसरी, निळी कुर्ली. हिच्यात नर आणि मादी रंगानेच वेगळे दिसतात. नर निळा, अंगावर पांढरी नक्षी, नांग्या लांबलचक. मादी मात्र मातकट हिरवी-तपकिरी. कित्येक जणींना या दोन वेगळ्या जाती वाटतात, पण ती एकच जात आहे. या दोन्ही कुर्ल्यांच्या कवचाच्या कडेला, डोळ्यापासून बाजूपर्यंत, नऊ-नऊ दाते असतात आणि शेवटचा दाता लांब काट्यासारखा बाजूला निघालेला असतो. जाळं अडकतं ते त्याच काट्यात.

तिसरी, क्रूसाची कुर्ली. लालसर-तपकिरी पाठीवर मधोमध फिकट रंगाची क्रूसासारखी खूण आणि पायांवर पट्टे. हिच्या कवचाच्या कडेला प्रत्येक बाजूला नऊ नाही, सहा दाते असतात. या कुर्लीची एक आख्यायिका आहे. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर पूर्वेकडच्या बेटांवर प्रवासात असताना त्यांचा क्रूस वादळात समुद्रात पडला आणि एका कुर्लीने तो नांग्यांत धरून किनाऱ्यावर आणून दिला. त्यावरून या खुणेला मान आला.

चौथी आपली खाडीतली, चिखलातली कुर्ली. अंग गुळगुळीत, काळपट हिरवं, नांग्या जाड आणि ताकदवान. एखाद्याचं बोट सापडलं तर सुटका नाही. कडेचे नऊ दाते जवळपास सारखे, शेवटचा लांब नसतो. हिच्यातही दोन जाती आहेत. मोठ्या जातीच्या सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी असते आणि नांगीच्या मनगटावर बाहेरच्या बाजूने दोन टोकदार काटे असतात. ही एक किलोच्या वर सहज जाते. लहान जात तांबूस-तपकिरी, नांग्या लालसर, नक्षी फिकी आणि मनगटावरचा काटा बोथट. कुर्लीपालनाचं बी घेताना हा फरक माहीत असायला हवा, कारण मोठी जात वजनाला चांगली येते. लहान जातीचं बी मोठ्या जातीच्या भावाने घेतलं तर कितीही खाऊ घातलं तरी ती तेवढी होणार नाही.

खाडीतली कुर्ली ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवली तर बरेच दिवस जिवंत राहते. समुद्रातली पोहणारी कुर्ली मात्र पाण्याबाहेर लवकर मरते. कुर्ली कल्ल्यांनी श्वास घेते आणि कल्ले ओले असेपर्यंतच तिचा जीव. रांधताना आपण आतून ती पिसांसारखी काढून टाकतो, तेच तिचे कल्ले. म्हणून खाडीतली कुर्ली नांग्या बांधून जिवंत विकली जाते, तिला भाव जास्त मिळतो आणि ती परदेशीही जाते. समुद्रातलीला बर्फ लागतो.

आता येऊ या पोटाखालच्या खुणेकडे. कुर्ली सांभाळून उलटी करा. पोटावर एक पट्टी दुमडून घट्ट बसलेली दिसेल. ती तिची शेपटीच आहे. कोळंबीची शेपटी मागे सरळ असते, कुर्लीने ती पोटाखाली दुमडून घेतली आहे, एवढाच फरक.

पट्टी अरुंद आणि निमुळती असेल तर तो नर. पट्टी रुंद, गोलसर, जवळजवळ सगळं पोट झाकणारी असेल तर ती वयात आलेली मादी. आणि पट्टी त्रिकोणी असेल, नरापेक्षा रुंद पण गोल न झालेली, तर ती अजून वयात न आलेली मादी. तिने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नाहीत. ही खूण लक्षात राहिली की मोजपट्टी लागत नाही, काटाही लागत नाही. मूल शाळेत जातं की लग्नाच्या वयाचं झालं हे आपण बघून ओळखतो, तसंच आहे हे.

त्रिकोणी पट्टी गोल कशी होते? कात टाकून. कवच काही वाढत नाही. आतलं अंग वाढलं की जुनं कवच मागच्या बाजूने उकलतं आणि कुर्ली त्यातून मागे सरकत बाहेर येते, पायांसकट, नांग्यांसकट, डोळ्यांसकट. बाहेर आल्यावर ती पाणी शोषून फुगते आणि नवं मऊ कवच मोठ्या मापाचं करून घेते. मग पुढच्या काही दिवसांत ते कडक होतं. लहानपणी ती दर काही दिवसांनी कात टाकते, मोठेपणी काही महिन्यांनी एकदा. नांगी तुटलेली असेल तर तीही कात टाकताना नव्याने येते, आधी लहान, मग पुढच्या खेपेला मोठी.

मादी वयात येते ती अशाच एका कातीला, आणि तिचं मीलनही ती मऊ असतानाच होतं. नर आधी काही दिवस तिला आपल्या पोटाखाली धरून फिरतो. तिने कात टाकली की मीलन होतं, आणि तिचं कवच घट्ट होईपर्यंत तो तिला राखतो. जाळ्यात कधी कधी एकावर एक अशी जोडी येते ती यामुळे. नराचं बीज ती अंगात साठवून ठेवते आणि पुढे गरजेप्रमाणे वापरते.

या कातीमुळेच आपल्याला एक व्यवहार कळतो. कात टाकलेली कुर्ली दिसायला मोठी, पण आत पाणीच. शिजवली तर मांस नाही, विकली तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. अमावस्येची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ, असं घराघरात सांगतात. पण खात्रीची परीक्षा हाताची. कुर्ली उलटी करून पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबा. दबली तर पोचट, दगडासारखी लागली तर भरलेली. पोचट कुर्ली हातात मापाच्या मानाने हलकी लागते आणि तिचं कवच नवं, लख्ख असतं. भरलेलीचं कवच जुनं, मळकट, कधी त्यावर शिंपल्यासारखे बारीक जीव चिकटलेले. दिसायला वाईट तीच खायला चांगली!

पोचट कुर्ली स्वस्तात विकू नका. खाडीतली पोचट कुर्ली पिंजऱ्यात किंवा डब्यात ठेवून तीन-चार आठवडे मासळीचे तुकडे, शिंपल्याचं मांस खायला घातलं की भरते आणि तिचा भाव वाढतो. याला कुर्ली पुष्ट करणं म्हणतात. फक्त प्रत्येकीला वेगळा कप्पा द्या. एकत्र ठेवल्या तर जी मऊ असेल तिला बाकीच्या खाऊन टाकतात.

आता अंड्यांचं. मादीच्या आत कवचाखाली नारिंगी गाबोळी असते, ती आपण आवडीने खातो. तीच पुढे अंडी म्हणून बाहेर येते. मादी ती अंडी वाऱ्यावर सोडत नाही. पोटाखालची ती गोल पट्टी उघडते आणि आतल्या केसाळ अवयवांना लाखो अंड्यांचा गुच्छ चिकटवून घेते. एका वेळी लाखांच्या घरात, पट्टीबाहेर फुगून आलेला स्पंजासारखा गोळा. सुरुवातीला तो पिवळा-नारिंगी असतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी काळपट. काळपट का, तर आत पिल्लांचे डोळे तयार झालेले असतात. काळा गोळा म्हणजे एक-दोन दिवसांत अंडी फुटणार.

फुटल्यावर बाहेर येतं ते कुर्लीसारखं दिसतच नाही. डोक्यावर काटा, मोठे डोळे, डोळ्यांनी जेमतेम दिसेल एवढा जीव. तो पाण्यात तरंगत राहतो, पुन्हा पुन्हा कात टाकतो आणि काही आठवड्यांनी नखाहून लहान कुर्ली होऊन तळाशी जातो. वाटेत मासे खातात, लाटा वाहून नेतात. लाखातून मोजकीच मोठी होतात. म्हणून तर निसर्गाने लाखांनी दिली आहेत.

खाडीतली मादी तर अंडी द्यायला खाडी सोडून समुद्रात जाते आणि तिची पिल्लं पुढे खाडीत, कांदळवनात परत येतात. चिपीची, तिवराची मुळं म्हणजे त्या पिल्लांचा पाळणा. कांदळवन तोडलं की कुर्ली कमी होते, याचं कारण हे.

आता विचार करा. अंडीवाली मादी बाजारात आणली तर तिला भाव कमी, कारण सगळी ताकद अंड्यांत गेलेली, मांस थोडं. बाहेरचा तो अंड्यांचा गोळा खायलाही बरा लागत नाही, आपण खरवडून फेकतो. म्हणजे थोड्या पैशांसाठी पुढच्या हंगामाच्या लाखो कुर्ल्या उकिरड्यावर जातात. त्रिकोणी पट्टीवाली विकली तर तिने एकदाही वंश वाढवला नाही. यापेक्षा महाग सौदा कुठला?

असं होऊ शकतं याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुंबईच्या समुद्रात सपाट डोक्याची, अंग दाबल्यासारखं दिसणारी एक शेवंड मिळायची. ट्रॉलरच्या जाळ्यात ती सापडू लागली आणि परदेशातून मागणी आली, तशी भरमसाठ पकडली गेली. त्यात अंडीवाल्या माद्याही मोठ्या प्रमाणात होत्या. 1994 पर्यंत मुंबईच्या पाण्यातून ती मिळेनाशी झाली. समुद्र मोठा आहे म्हणून काही संपत नाही, असं कुणी म्हणालं तर तिला ही गोष्ट सांगा.

शेवंडही अंडी शेपटीखाली घेऊन फिरते. शेपटी उलटी केली की गोळा दिसतो, म्हणजे तीच खूण तिथेही लागू. समुद्रातल्या कोळंबीचं मात्र तसं नाही. सोलट, करंदी अंडी थेट पाण्यात सोडतात, पोटाला बांधत नाहीत. म्हणून कोळंबीला पावसाळ्याच्या बंदीचा आधार लागतो. आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते, ती पुढच्या पिढीला वेळ मिळावा म्हणूनही. आणि जवळ्याबद्दल एक गैरसमज दूर करू. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं नव्हेत. ती वेगळीच जात, पूर्ण वाढल्यावरही दोन-चार सेंटीमीटरचीच. मात्र जवळ्याच्या ढिगात कोळंबीची खरी पिल्लंही येतात.

समुद्रापासून लांबच्या मैत्रिणींना वाटेल, आमचा याच्याशी काय संबंध? पहिल्या पावसात बांधावर, ओढ्यात बत्ती घेऊन आपण मुठे पकडतो ना? त्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची मादी अंडी थोडीच देते, पण ती मोठी असतात. त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात आणि आईच्या पोटाखाली बिलगून राहतात. तिथेही मादी उलटी करून बघा. पट्टीखाली पिल्लं असतील तर एका मादीबरोबर ओढ्याचा पुढचा सगळा वंश तुमच्या टोपलीत आलेला असतो.

आता दोन गोष्टी स्वयंपाकघरासाठी. खडपात, दगडांच्या कपारीत सापडणारे काही रंगीत, जाड कवचाचे, वल्हं नसलेले खेकडे विषारी असतात. त्यांच्या नांग्यांची टोकं बहुधा काळपट असतात. ते विष शिजवून जात नाही. म्हणून जो खेकडा गावात कुणी खात नाही, तो आपणही खाऊन बघायचा नाही आणि मुलांना उचलू द्यायचा नाही. खाल्ल्यावर ओठ, जीभ, हातपाय बधिर वाटू लागले तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. दुसरं, मरून पडलेली, वास येणारी कुर्ली रांधू नका. कुर्लीचं मांस फार लवकर खराब होतं. आणि कुर्ली-कोळंबी खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांधी उठत असतील किंवा घसा सुजत असेल, तर थोडीशी खाऊन सवय होईल असं म्हणू नका. अशा माणसाला ती सोसत नाही, जिवावर बेतू शकतं.

आता खरा प्रश्न. तुम्ही म्हणाल, ‘अहो ताई, आम्ही सोडली तर दुसरी पकडेल. मग आमचंच नुकसान.’ हे खरं आहे. एकटीने सोडून भागत नाही. म्हणूनच तर बचत गट आहे. आपण पैसे एकत्र ठेवतो तसा हा नियमही एकत्र ठेवायचा. बैठकीत ठरवायचं की अंडीवाली आणि त्रिकोणी पट्टीवाली आमच्या गावातली कुणी विकणार नाही आणि कुणी विकतही घेणार नाही. विकत घेणारीच नसेल तर आणणारा किती दिवस आणेल?

दुसरी अडचण, किनाऱ्यावर येईपर्यंत समुद्रातली कुर्ली मेलेली असते. मेलेली सोडून काय उपयोग? म्हणून ही खूण घरातल्या होडीवर जाणाऱ्यांना शिकवायची. सोडायची ती तिथेच, जाळं ओढल्या ओढल्या. पाय न तुटता सोडवायची आणि अलगद पाण्यात ठेवायची, फेकायची नाही. खाडीतल्या सापळ्यात मात्र कुर्ली जिवंतच असते, तिथे सबबच नाही. लहान कुर्ली निसटून जाईल एवढं भोक सापळ्याला ठेवलं तर निवडायचे कष्टही वाचतात.

सरकारी बाजूनेही दोन गोष्टी कानावर असू द्या. आपल्या राज्याने 2023 मध्ये मासळीच्या 54 जातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवून दिलं आहे. तुमच्याकडे येणाऱ्या जातींची मापं मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयातून लिहून आणा आणि लिलावाच्या जागी लावा. आणि 2017 पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. तिच्यातून किनाऱ्यावरच्या गटांना कुर्लीपालनासारख्या कामांसाठी मदत मिळते. कुर्लीपालनाचं बी खाडीतून ओरबाडण्यापेक्षा उबवणी केंद्रातून घ्या. तमिळनाडूत असं केंद्र आहे आणि तिथली पिल्लं आपल्या राज्यातही आणली जातात.

शेवटी पुन्हा एकदा सांगतो, पाठ करून ठेवा. अरुंद पट्टी नराची, अंगठ्याने दाबून बघा, भरला असेल तर विका. गोल पट्टी मोठ्या मादीची, बाहेर अंडी असतील तर सोडा. त्रिकोणी पट्टी लेकीची, तिला वाढू द्या. आणि दबणारी कुर्ली पोचट, तिला थोडे दिवस द्या.

उद्या बाजारात टोपली समोर आली की एक कुर्ली उलटी करून शेजारणीला खूण दाखवा. आणि तुमच्या गावात या चार कुर्ल्यांना काय नावं आहेत, ती आम्हाला नक्की कळवा. आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावातही नाव बदलतं. ती सगळी नावं आम्ही पुढच्या वेळी वाचून दाखवू.